कारणाच्या रकान्यात काय लिहिलं?

(शिराळा येथे महिला मंडळं, बचत गट आणि आशाताईंसमोर केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



मला आज बोलायला सांगितलेला विषय तसा रोजगाराचा आहे. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी मुली बी.एस्सी., बी.फार्म. किंवा नर्सिंग करून घरी बसल्या आहेत. त्यांच्या हातात 'मेडिकल कोडिंग शिका, नोकरी मिळवा' अशी पत्रकं पडताहेत आणि आया विचारताहेत, हे कोडिंग म्हणजे काय, पोरीला घालावं का? त्याबद्दल मी बोलणारच आहे. पण फी किती आणि पगार किती एवढ्यावर मला थांबायचं नाही. कारण दवाखान्यात बसून जी मुलगी हे काम करते, तिच्या हातून बाईच्या दुखण्याचं, तिच्या इजेचं आणि कधी तिच्या मरणाचंही सरकारदरबारी जाणारं नाव ठरतं. आपल्या चळवळीचा या कामाशी संबंध आहे तो इथे.

आधी काम काय ते सांगते. पेशंट दवाखान्यातून घरी गेला की त्याची फाईल नोंदणी विभागात जाते. कोडर ती फाईल पहिल्या पानापासून वाचते. केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, ऑपरेशनची टिपणं, सिस्टरांच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड, सगळं. आणि प्रत्येक दुखण्याला, प्रत्येक इजेला एका ठरलेल्या यादीतला क्रमांक देते. ही यादी जागतिक आरोग्य संघटनेची आहे, तिला आय.सी.डी. म्हणतात. तिची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली आणि १९९४ पासून वापरात आली. अकरावी २०१९ ला मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, पण आपल्याकडचं बरंचसं काम अजून दहाव्या यादीवरच चालतं. या क्रमांकांवरून विम्याचे आणि सरकारी योजनांचे हिशोब होतात, आणि कोणत्या जिल्ह्यात कशाने माणसं आजारी पडतात, मरतात त्याचे आकडेही तयार होतात.

बत्तीस शिराळ्यातलंच उदाहरण घेऊ. इथल्या शेंबड्या पोरालाही नाग कुठला, घोणस कुठली आणि धामण कुठली ते कळतं. साप चावून कोणी दवाखान्यात आलं तर कोडरला दोन क्रमांक द्यावे लागतात. शरीरात काय झालं त्याचा एक, म्हणजे सापाचं विष, टी ६३.०. आणि ते कशामुळे झालं त्याचा दुसरा, विषारी सापाशी संबंध, एक्स २०. गंमत अशी की मूळ यादीत नाग असो नाहीतर घोणस, क्रमांक एकच. अमेरिकेने स्वतःसाठी या यादीची जी वाढीव आवृत्ती केली आहे, तिच्यात मात्र नागाला वेगळा क्रमांक आहे! ज्या देशात नाग फक्त प्राणिसंग्रहालयात, तिथे त्याला वेगळं घर.

हे दोन क्रमांक लक्षात ठेवा. एक शरीराचा आणि एक कारणाचा. माझं आजचं बोलणं बहुतेक त्या दुसऱ्यावरच आहे.

भाजलेली बाई आणली जाते. शरीराचा क्रमांक सरळ आहे. कुठे भाजलं, किती टक्के भाजलं, सगळ्यासाठी क्रमांक आहेत. पण कारणाचा? रॉकेलसारख्या पदार्थाने अपघाताने पेट घेतला तर एक्स ०४. तिने स्वतः पेटवून घेतलं तर एक्स ७६. दुसऱ्याने पेटवलं तर एक्स ९७. काय झालं ते ठरवता येत नसेल तर वाय २६. म्हणजे आपण मोर्च्यात ज्या प्रश्नावर घसा फोडतो, 'जळाली की जाळली', तोच प्रश्न यादीत चार खणांत मांडून ठेवलेला आहे. मग कोडर मुलीने कुठला खण निवडायचा?

तिला स्वतःच्या मनाने निवडता येत नाही. शिकवताना पहिला धडा असतो तो हा: डॉक्टरने लिहिलं असेल तेवढ्यालाच क्रमांक द्यायचा. तुम्हाला काय वाटतं, गावात काय बोललं जातं, त्याला जागा नाही. नियम रास्तच आहे, नाहीतर ज्याच्या त्याच्या अंदाजाने फायली भरल्या जातील. पण त्याच्या शेजारचा नियम ऐका. अमेरिकेची जी आवृत्ती आपल्याकडचे क्लास मुलींकडून घोटून घेतात, तिच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की इजेमागचा हेतू कागदावर नोंदवलेला नसेल तर ती अपघात समजावी. 'ठरवता येत नाही' हा क्रमांकसुद्धा कागदावर तसं लिहिलेलं असेल तरच द्यायचा.

म्हणजे कोणी काहीच लिहिलं नाही, तर तो अपघात. गप्प बसण्याचा अर्थ या व्यवस्थेने आधीच ठरवून ठेवला आहे. आणि आपल्या घराघरांतून बाई काय शिकते? गप्प बसायला.

आता हा कागद कसा भरला जातो ते पाहा. मी एका मोठ्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम केलं आहे. नाव घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच दिसेल. रात्री बाईला आणतात. सोबत नवरा, सासू, दीर. डॉक्टर कामाने पिचलेला, मागे रांग. तो विचारतो, काय झालं? उत्तर सोबतचे देतात. बाई कण्हत असते, किंवा शुद्धीत असली तरी सासूचा हात तिच्या उशाशी असतो. केसपेपरवर एक ओळ पडते: 'नातेवाइकांच्या सांगण्यानुसार स्वयंपाक करताना भडका उडाला.' पूर्वी भडका स्टोव्हचा असायचा, आता गॅसचा असतो. पोलिसांना कळवलं जातं, जबाब होतो, तो वेगळा कागद. पण दवाखान्याच्या फाईलला जी पहिली ओळ चिकटली ती शेवटपर्यंत डिस्चार्ज कार्डावर नकलत जाते. पाच दिवसांनी बाईने सिस्टरच्या कानात वेगळं काही सांगितलं, तर ते सिस्टरच्या वहीत राहतं, किंवा तिथेही येत नाही.

याचा परिणाम केवढा मोठा असतो त्याचा एक पुरावा आहे. २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भारतातल्या भाजून झालेल्या मृत्यूंचा अभ्यास आला. २००१ या एका वर्षात अंदाजे १,६३,००० माणसं भाजून मेली, त्यात १,०६,००० बाया. पंधरा ते चौतीस या वयात पुरुषांच्या तिप्पट बाया. आणि पोलिसांच्या नोंदीत जेवढे मृत्यू होते त्याच्या सहापट हा आकडा होता. अभ्यासकांना तो मिळाला कुठून? शहरांतल्या दवाखान्यांनी दिलेल्या मृत्यूच्या कारणांच्या दाखल्यांवरून आणि खेड्यांत घरच्यांना विचारून केलेल्या नोंदींवरून. म्हणजे कारणांचे कागद ठाण्याच्या वहीपेक्षा जास्त बोलले. पण तेही अर्धंच. यातल्या किती जाळल्या गेल्या, किती जणींनी जाळून घेतलं आणि खरंच किती जणींच्या पदराने पेट घेतला, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

औषध प्यायलेल्या बाईचं तेच. ऊस-भाताच्या या पट्ट्यात तणनाशक, कीटकनाशक घरात कोनाड्यात असतं. 'पाणी समजून चुकून प्याली' असं सांगितलं जातं. पूर्वी त्याला एक कारणही होतं. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता आणि घरचे पोलिसांना भ्यायचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी बाई तीव्र ताणाखाली होती असंच धरायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारं जुनं कलमच राहिलेलं नाही. तेव्हा बाईला खरं बोलायला कायद्याची भीती उरलेली नाही. नवऱ्याची भीती उरली, ती कुठल्या कायद्याने जात नाही ते आपल्याला ठाऊक आहे. पण निदान गावोगाव हे सांगा. अजूनही लोक त्या जुन्या भीतीने डॉक्टरला खोटं सांगतात, आणि मग त्या बाईला समुपदेशनही मिळत नाही. अपघाताने विष प्यायलेल्याला कोण समुपदेशन देतं?

मारहाणीचं तर विचारूच नका. 'पाय घसरून मोरीत पडली.' पडण्याचे क्रमांक यादीत ढीगभर आहेत, जिन्यावरून, पलंगावरून, झाडावरून. पण त्याच यादीत छळाचा क्रमांकही आहे, टी ७४. आणि कोणी छळलं ते सांगणारा वाय ०७ आहे, त्यात नवरा किंवा जोडीदार हा पहिलाच पोटक्रमांक. अकराव्या यादीत मारणाऱ्याचं बाईशी नातं काय तेही जोडता येतं. अमेरिकी आवृत्तीत 'छळाचा संशय' याला वेगळी जागा आहे. हे खण कोणीतरी भांडून करून घेतलेले आहेत, आपल्याकडे ते बहुधा रिकामे राहतात. मुंबईत २०००-०१ च्या सुमारास 'सेहत' संस्था आणि महापालिकेने मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं, ते याच कारणासाठी महत्त्वाचं आहे. तिथे डॉक्टर-परिचारिकांना बाईला एकटीला घेऊन विचारायला आणि ऐकलेलं लिहायला शिकवलं गेलं. बाईला एकटीला विचारलं, तर ती बहुतेकदा सांगते.

तर मग कोडर मुलगी नुसती नक्कल करणारी का? नाही. तिच्या हातात एक हत्यार आहे आणि क्लासमध्ये ते फार घाईत शिकवतात. त्याला 'क्वेरी' म्हणतात, म्हणजे डॉक्टरला लेखी विचारणा. फाईलमध्ये विसंगती दिसली की कोडर विचारू शकते, विचारायलाच हवं. समजा, कारण लिहिलंय 'मोरीत पडली' आणि एक्स-रेत कोपरापासून मनगटापर्यंत हाड मोडल्याच्या एक नवी आणि दोन जुन्या खुणा. समजा, सिस्टरच्या टिपणात वेगळंच काही आहे. तिने असं लिहू नये की 'नवऱ्याने मारलं का?' उत्तर सुचवणारा प्रश्न नियमाला धरून नाही. तिने लिहावं: 'फाईलमध्ये वेगवेगळ्या काळातल्या इजांची नोंद आहे. इजेच्या कारणाबद्दल आणि हेतूबद्दल कृपया स्पष्ट नोंद करावी.' डॉक्टर उत्तर देईल, न देईल. पण आता न लिहिणं ही नुसती घाई राहत नाही. विचारूनही लिहिलं नाही, असं कागदावर येतं. तुमच्या मुलींना शिकायला घालाल तेव्हा क्लासवाल्याला हे नक्की विचारा, क्वेरी लिहायला किती दिवस शिकवता?

आणखी एक गोष्ट कोडरला दिसते जी एकट्या बाईला दिसत नाही, ती म्हणजे ढीग. बाईला तिची एक पिशवी काढलेली माहीत असते. कोडरसमोर शंभर फायली असतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचं प्रकरण २०१९ साली गाजलं ते आठवा. सरकारने नेमलेल्या समितीने ८२,३०९ बायांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. या बाया दर हंगामात आपल्याच कारखान्यांच्या फडांत येतात, चिखलीच्या, वाळव्याच्या, कराडच्या. ते प्रकरण उजेडात आणलं पत्रकारांनी आणि कार्यकर्त्यांनी, कुठल्या दवाखान्याच्या नोंदीने नव्हे. ऑपरेशनला एक क्रमांक असतो आणि ज्या दुखण्यासाठी ते केलं त्याला दुसरा. तिशीच्या बाईचं गर्भाशय काढलं आणि दुखणं लिहिलंय नुसतं अंगावरून पांढरं जाणं, अशा जोड्या एकाच दवाखान्यातून वरचेवर यायला लागल्या तर नोंदीच बोलल्या पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत स्वीकारायला सांगितलं. देखरेख करायची तर आधी नोंद धड हवी.

आता मरणाच्या दाखल्याबद्दल. दवाखान्यात मृत्यू झाला की डॉक्टर नमुना ४ भरतो. तो भरलेला तुम्ही कधी पाहिला आहे का? बऱ्याचदा लिहिलेलं असतं, 'हृदयक्रिया बंद पडून'. अहो, हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते! ते मरणाचं कारण नव्हे, ते मरणच आहे. फॉर्ममध्ये खाली-खाली ओळी असतात: हे कशामुळे, ते कशामुळे. सगळ्यात खालच्या ओळीत जे मूळ कारण असतं तेच आकड्यांत मोजलं जातं. बाळंतिणीला रक्तस्राव झाला, त्यातून ती गेली, आणि कागदावर फक्त 'हृदयक्रिया' आलं, तर ती मातामृत्यू म्हणून मोजलीच जाणार नाही. म्हणूनच त्या फॉर्ममध्ये बाईसाठी खास प्रश्न आहे, मृत्यूचा गरोदरपणाशी संबंध होता का? मृत्यू कसा झाला, नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून की चौकशी चालू, असाही प्रश्न आहे. हे दोन्ही प्रश्न भरलेले आहेत का ते पाहायला शिका. देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी असं वैद्यकीय कारण लिहिलेले २०२० साली फक्त २२.५ टक्के होते. चारांतल्या तिघांहून जास्त जण विनाकारणच मेले म्हणायचे.

हे यादी प्रकरण आकाशातून पडलेलं नाही हेही सांगून ठेवते. दवाखान्यांच्या नोंदी एकसारख्या असाव्यात म्हणून १८६० मध्ये आग्रह धरणारी एक परिचारिका होती, फ्लॉरेन्स नाइटिंगेल. समलिंगी असणं हा आजार नाही म्हणून ते यादीतून १९९० साली वगळलं गेलं. आणि दहाव्या यादीत बलात्कारानंतरच्या तपासणीच्या क्रमांकाचं नाव काय आहे? 'कथित बलात्कार आणि फूस'. बाईकडे बघायची कुठली नजर या शब्दांत आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. यादी माणसं करतात आणि माणसं बदलतात. आपल्याच सांगली जिल्ह्यात ऐंशीच्या दशकात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने नवऱ्याने टाकलेल्या बायांना संघटित केलं, तोवर त्यांच्यासाठी सरकारी फॉर्मवर रकाना नव्हता. विवाहित, अविवाहित, विधवा, संपलं. 'परित्यक्ता' हा शब्द कागदावर आणावा लागला, तेव्हा कुठे स्वतंत्र रेशनकार्डाची भाषा करता आली.

बरं, नोकरीचं. दोन वाटा आहेत, त्यांची गल्लत करू नका. पहिली वाट पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नई इथल्या कंपन्यांची. तिथे अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या फायली कोड होतात. तिथल्या संस्थेची सी.पी.सी. नावाची परीक्षा असते, चार तासांत शंभर प्रश्न, पास व्हायला सत्तर टक्के. अनुभव नसेल तर पास झाल्यावरही नावापुढे उमेदवारीचं अक्षर लागतं. शरीररचना आणि वैद्यकीय भाषा पक्की लागते. मराठी माध्यमाच्या मुलींना हे जमत नाही हे खोटं आहे. ते शब्द मुळात ग्रीक-लॅटिन आहेत, इंग्रजी माध्यमवालीलाही ते पाठच करावे लागतात. 'शंभर टक्के नोकरी' म्हणणाऱ्या क्लासवाल्याकडून परीक्षेची फी क्लासच्या फीत धरली आहे का, हे लिहून घ्या. आणि मागच्या तुकडीतल्या मुलींशी स्वतः बोला. आता संगणकच क्रमांक सुचवतो, त्यामुळे नुसतं क्रमांक शोधणाऱ्यांची गरज कमी होत जाणार आणि तपासणाऱ्यांची राहणार, हेही डोक्यात असू द्या. मुलीला पुण्यात ठेवायला घरचे तयार नसतात हा अडथळा तर परीक्षेपेक्षा मोठा. आपल्या तालुक्यातले बाप्ये पिढ्यान्पिढ्या मुंबईला जाऊन राहिले, तेव्हा कोणी बैठक बसवली नव्हती.

दुसरी वाट आपल्याच दवाखान्यांच्या नोंदणी विभागाची. केंद्र सरकारची आरोग्य माहितीची संस्था दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात आणि पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये वैद्यकीय नोंदणीचे अभ्यासक्रम चालवत आली आहे. पगार पहिल्या वाटेइतका नाही, जागा थोड्या. पण शिराळ्याच्या, कोकरूडच्या बाईची फाईल जर कुणी मन लावून वाचायची असेल तर ती या खुर्चीत बसलेलीनेच. लहान दवाखान्यांत तर ही खुर्चीच नसते. सिस्टर, क्लार्क नाहीतर डाटा भरणारी मुलगीच ते करते, आणि महिन्याच्या अहवालाची सुरुवात आशाताईच्या वहीतून होते. तेव्हा इथे बसलेल्या आशाताईंनो, कोडिंग तुम्ही करताच आहात, फक्त त्याचा पगार मिळत नाही.

एक इशाराही देते. ही मुलगी सगळ्यांचं सगळं वाचते. गर्भपात, एच.आय.व्ही., कुमारिकेचं बाळंतपण. आपल्या भागात कोणाची लेक कोणाच्या पोटची ते सगळ्यांना माहीत. गर्भपाताची नोंदवही कायद्याने गुप्त असते, बाकीच्या कागदांवर नावाऐवजी तिच्यातला अनुक्रमांक असतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये अल्पवयीन मुलीचं नावही गर्भपाताच्या वेळी पोलिसांना उघड करायची सक्ती डॉक्टरवर नाही असं सांगितलं. खरी नोंद हवी म्हणताना कोणा बाईचं नाव पारावर जाणार असेल, तर ती नोंद आपल्याला नको. आणि दुसरी बाजू अशी की गुप्ततेच्या नावाखाली नोंदच न करणं हेही आपण पाहिलं आहे. मिरज तालुक्यात म्हैसाळला २०१७ च्या मार्चमध्ये ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले, ते एक बाई मेली म्हणून. त्या गर्भांची खरी नोंद कुठल्याही वहीत नव्हती.

शेवटी, मंडळांनी काय करायचं ते सांगते. बाईबरोबर दवाखान्यात जाल तेव्हा डॉक्टरला सांगा, तिला एकटीला विचारा आणि तिच्या शब्दांत लिहा. लैंगिक अत्याचारासाठी तर केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना आहेतच, त्या छापून जवळ ठेवा. डिस्चार्जच्या वेळी कार्ड वाचून घ्या, 'कारण' काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायला सांगा, चूक असेल तर तिथेच लेखी अर्ज द्या. पेशंटने मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यायची, हा डॉक्टरांच्या व्यवसायाचा २००२ पासूनचा नियम आहे. फायली तीन वर्षं तरी जपायच्या असतात, म्हणून मागायला उशीर करू नका. जन्ममृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळायची आहे. लग्न झालेल्या मुलीचा जवळचा नातेवाईक कोण, नवरा की आईबाप, यावर तिथे वाद होईल. होऊ द्या. आईबापांनी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

नमुना ४ च्या कोऱ्या प्रती मी आणल्या आहेत. आता चहा घेऊ, मग चार-चार जणींचे गट करून तो फॉर्म भरून पाहू. प्रत्येक गटाला मी एक गोष्ट सांगेन, आणि सगळ्यात खालच्या ओळीत काय लिहायचं ते तुम्ही ठरवायचं.